नंतरच्या बनावटीची पट्टी

आमच्या बाबांचा डावा हात कधी स्वस्थ नसतो. खुर्चीत बसले की तो मांडीच्या बाजूला, हवेत, काहीतरी पुढे रेटून धरल्यासारखा असतो. मुठीत काही नसतं. पनवेलच्या आमच्या घरासमोरचा रस्ता जरा उताराचा आहे. एखादा ट्रकवाला तिथे खालचा गिअर टाकतो, इंजिन घुमतं, आणि बाबांची मूठ आवळते. मी आपली भाजी काय करू म्हणून विचारत असते. ते म्हणतात, "निसटला." मग भानावर येऊन म्हणतात, "दुधी कर."

पहिल्यांदा घरी आलेला माणूस हे पाहून चपापतो. मी हसून सांगते, सवय आहे त्यांना, लक्ष देऊ नका. पण मलाच आजवर त्याची सवय झालेली नाही. दुधी चिरताना माझेही कान रस्त्याकडे असतात.

त्यांना मी माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसवत नाही. उतार लागला की त्यांचा हात माझ्या गिअरच्या दांड्यावर येतो आणि असा घट्ट बसतो की मला गिअर बदलता येत नाही. एकदा पळस्प्याचा पूल उतरताना मी ओरडले, "बाबा, हात काढा, मरू ना आपण!" असले शब्द आमच्या घरात वापरायचे नसतात.  घरी आल्यावर मी चहात जरा जास्त साखर घातली आणि त्यांनी तो तक्रार न करता प्यायला.

माझा मोठा भाऊ कर्नाळ्याच्या खिंडीत गेला. मी तेव्हा कॉलेजात होते. उतारावरच्या वळणावर गाडी रस्ता सोडून झाडावर आदळली. ती गाडी बाबांनी स्वतःच्या हाताने जुळवलेली होती. गाडी बाहेर काढली तेव्हा गिअर न्यूट्रलला होता, असं पोलीस बोलता बोलता म्हणाले. बाबांनी त्या दिवशी ऐकलं ते एवढंच. तेव्हापासून त्यांच्या मते दादाला त्यांनी मारलं. हे ते रडून म्हणत नाहीत की चिडून म्हणत नाहीत. कोणी पत्ता विचारला तर सांगावा, तसं सांगतात.

बाबा तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला फोरमन होते. आई गेल्यावर संध्याकाळी घरात काय करायचं ते त्यांना सुचेना, तेव्हा त्यांनी ती गाडी आणली. आणली म्हणजे टेम्पोतून, तुकड्यातुकड्यांत. इंग्लंडात बनलेली जुनी स्पोर्ट्‌स कार, दोन सीटची, उघडी, आणि इतकी बुटकी की शेजारची लहान पोरंसुद्धा तिच्यात वाकून बघायची. असल्या गाडीला पनवेलचे खड्डे म्हणजे पोट खरवडून घेण्याचंच काम. दादा मात्र पहिल्या दिवसापासून तिच्यापायी वेडा झाला. ऑफिसातून आला की हातपाय न धुता तिच्याखाली शिरायचा. बाबा त्याला हुसकून लावायचे, तो पाने हातात देत बसायचा, आणि दोघांचं भांडण स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

आता जे सांगते ते समजायला सोपं आहे. माझ्यासारख्या कॉमर्सवालीला समजलं, तर कोणालाही समजेल. ही गाडी कारखान्याने बरीच वर्षं बनवली आणि मधेच तिचा गिअरबॉक्स बदलला. पहिल्या बनावटीचा आखूड, नंतरचा लांब. गिअरबॉक्सची शेपटी खालून एका आडव्या लोखंडी पट्टीवर टेकलेली असते, आणि दोघांच्या मधे रबर असतं. गॅरेजवाले याला फाउंडेशन म्हणतात. दोन्ही बनावटींच्या पट्ट्या वरवर बघता जुळ्या बहिणी. पण पहिल्या पट्टीची भोकं एकमेकांपासून चार बोटांवर, नंतरच्या पट्टीची पाच बोटांवर. पहिल्या पट्टीची कड सपाट, नंतरच्या पट्टीची कड खाली दुमडलेली. पहिलीच्या रबरातला बोल्ट तिरका निघतो, दुसरीच्या रबरातला सरळ. एवढाच फरक.

बाबांना गिअरबॉक्स मिळाला नंतरचा आणि पट्टी पहिली. बरोबरची पट्टी त्यांनी खूप शोधली. नाही मिळाली तेव्हा त्यांनी तळोज्यात जे आयुष्यभर केलं तेच केलं. आहे त्यातून भागवलं. पट्टीची भोकं कानशीने घासून लांबट केली. रबर फाटलेलं होतं, तर उरणच्या बाजूला होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा त्यांच्या ओळखीचा एक कोळी होता, त्याच्याकडून इंजिनाखालचं जाड रबर आणून कापून बसवलं. दर्यात आपटणारी होडी ज्याच्यावर तरते, ते या चिमुरड्या गाडीला धरणार नाही का, असं म्हणून त्या दिवशी फार खुशीत होते. शेवटी नट आवळून प्रत्येकावर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ ओढली, अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर. नट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. कंपनीतली ही पद्धत त्यांनी घरातही लावली होती. आमच्या पंख्याच्या नटांवरसुद्धा पिवळ्या रेघा आहेत.

पण होडीचं रबर मऊ. गिअरबॉक्सची शेपटी त्याच्यावर जराशी दबून बसली, आणि उतारावर तिसरा गिअर कधीकधी आपणहून न्यूट्रलला येऊ लागला. दादाने दोन-तीनदा सांगितलं. बाबा म्हणाले, "तुझ्या हातालाच वळण नाही. गिअर टाकायचा असतो, कोंबायचा नसतो." दादाने पुन्हा तो विषय काढला नाही, आणि काही आठवड्यांतच खिंडीतलं ते झालं.

मोडलेली गाडी बाबांनी पाहिलीच नाही. एका भंगारवाल्याला घेऊन जा म्हणून सांगितलं आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. त्यानंतर मात्र त्यांना त्या पट्ट्यांनी झपाटलं. कुठून कुठून जुन्या पट्ट्या आणायचे, वर्तमानपत्रावर मांडायचे, बोटांनी मोजायचे. आमचा दिवाण अजून त्यांनी भरलेला आहे. हळूहळू अशा गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांत त्यांचं नाव पसरलं. मुंबईहून, पुण्याहून फोन येतात. काका, आमची पट्टी पहिली की नंतरची? बाबा तेच तीन प्रश्न विचारतात. भोकं किती बोटांवर? कड दुमडलेली आहे का? बोल्ट सरळ की तिरका? आणि फोन ठेवताना प्रत्येकाला सांगतात, "शंका असेल तर गाडी उभी ठेवा. चालवू नका." लोकांना वाटतं, म्हातारा काटेकोर आहे. मी पलीकडे कपड्यांच्या घड्या करत असते, आणि ते वाक्य दर वेळी ऐकते.

मला त्यांचा राग यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःचाही यायचा. समजूत काढायची म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल, बाबा, झाडात अडकलेली गाडी ओढून काढायची तर लोक आधी गिअर न्यूट्रलच करणार ना. ते म्हणायचे, "असेल." त्या 'असेल'मध्ये जागाच नसायची कशाला. खरं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. आमच्या दोघांच्या जेवणात, टीव्हीसमोर, दवाखान्याच्या रांगेत तिसरं कोणीतरी कायम बसलेलं असायचं, आणि तो दादा नव्हता. दादा असता तर बरं झालं असतं. ती पट्टी होती.

अलीकडे बाबांच्या डोळ्यांचा पडदा गेला. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. लोक फोनवर फोटो पाठवतात, ते बघून मी त्यांना सांगते आणि ते निकाल देतात. असाच एक फोन कोनहून आला. एक्स्प्रेसवेच्या बाजूच्या त्या गावातला, वयाने माझ्याएवढाच माणूस. शेती गेली, बंगला झाला, आणि गोठ्याच्या जागी शेड घालून त्याने जुन्या गाड्या जमवल्या.

"काका, भंगारातनं एक गाडी उचललीय," तो म्हणाला. "गिअरबॉक्स जाग्यावर हाय, पन पट्टी पयली का नंतरची त्या कलत नाय."

त्याने पाठवलेल्या फोटोत नुसता चिखल दिसत होता. बाबा मला म्हणाले, "तू जाऊन ये. बोटं लावून बघ." कोन काही लांब नाही. रविवारी सकाळी मी गेले.

गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. रंग ओळखण्याच्या पलीकडे गेला होता, नाक आत गेलेलं. अशा चेपलेल्या गाड्या मी फोटोंत पुष्कळ पाहिल्या होत्या, त्यामुळे मला काही वाटलं नाही. खाली शिरायच्या आधी सहज आत डोकावले. डॅशबोर्ड सागाचा होता आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात किल्लीचं भोक होतं. गाडीच्या डॅशबोर्डला कपाटाच्या किल्लीचं भोक कशाला असेल? आमच्याच डॅशबोर्डला होतं. बाबांनी आईच्या कपाटाचं दार कापून तो केला होता, आणि भोक बुजवू नका असं दादाने त्यांना सांगितलं होतं.

मी तिथेच खाली बसले.

"ताई, चक्कर आली काय? पानी आनू?"

"ही माझ्या भावाची गाडी आहे," मी म्हटलं. "यातच तो गेला."

 शेडच्या टोकाला रेडिओ चालू होता, तो त्याने जाऊन बंद केला. मग पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवून जरा लांब उभा राहिला.

निघून जावं असं मनात आलं. खाली काय असणार ते मला माहीतच होतं. लांबट घासलेली भोकं, होडीचं काळं रबर, पिवळ्या रेघा. ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की घरी जाऊन 'असेल'सुद्धा म्हणता येणार नव्हतं. बाबा विचारणार, काय होतं, आणि मला खोटं बोलता येत नाही, लगेच चेहऱ्यावर दिसतं. आता त्यांना चेहरा दिसत नाही, हेही तेव्हाच सुचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मी गोणपाट मागितलं आणि गाडीखाली सरकले.

रॉकेलच्या फडक्याने चिखल पुसला. कड बोटाला लागली. खाली दुमडलेली होती. मला वाटलं, मातीचा थर असेल. पुन्हा पुसलं. भोकांच्या मधे बोटं ठेवली. चार बसली आणि पाचवं बसलं. भोकं गोल होती, कानस कुठेच लागलेली नव्हती. रबर चिरलेलं होतं, पण त्याच गाडीचं होतं, आणि त्यातला बोल्ट सरळ खाली आलेला होता. ही बाबांची पट्टी नव्हती. ही नंतरच्या बनावटीची, अगदी बरोबरची पट्टी होती.

मी खालूनच ओरडले, "ही तुम्ही बदलली का? की भंगारवाल्याने?"

"कोनीच हात लावला नाय ताई. त्याच्याकडं मागं पडून होती, तशीच उचलली. नटावरची माती बगा ना, किती वर्सांची हाय ती."

खरं होतं. माती दगडासारखी झाली होती. मी नट पुसायला घेतला. मातीखाली रेघ होती, अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर, न तुटलेली. पण पिवळी नव्हती. पुसत गेले तशी ती चमकायला लागली. राणी रंग.

तो रंग मी कुठेही ओळखला असता. मावसबहिणीच्या लग्नासाठी मी ती नेलपॉलिश हट्टाने आणली होती. इतका भडक रंग की बाबांनी कपाळाला हात लावला होता. लग्नाच्या आधीच बाटली घरातून गायब झाली. मी दादावर चालून गेले होते, तर तो साळसूद चेहऱ्याने म्हणाला, "मी काय नखं रंगवतो?" ती बाटली सापडली नाही. त्याच आठवड्यात दादा गेला, आणि मग ती कोण शोधणार.

गाडीखाली पडल्या पडल्या मला हसू आलं. लबाड कुठला. बरोबरची पट्टी त्याने कुठून पैदा केली देव जाणे. ती कोणाच्या तरी गॅरेजमध्ये चोरून बसवली, बाबांचं काम काढलं हे त्यांना कळू नये म्हणून. पिवळा रंग मागितला असता तर कशाला म्हणून विचारलं असतं, म्हणून बहिणीची नेलपॉलिश उचलली. आणि चोरी करतानासुद्धा रेघ ओढल्याशिवाय याला राहवलं नाही. हसता हसता मला रडू फुटलं, आणि ते बराच वेळ थांबेना. 

मी बाहेर आल्यावर त्या कोनवाल्याला सगळं सांगितलं. त्याने स्वतःच पाना घेतला, पट्टी खोलली, नट एका पिशवीत बांधले. "घेऊन जा ताई, काकांना दाकवा. गाडी काय, थांबंल," तो म्हणाला.

घरी येईपर्यंत एकच विचार. सरळ सांगितलं तर बाबांना ती समजूत वाटेल, आजवरच्या समजुतींसारखीच. त्यापेक्षा ते ज्यात कोणाचं ऐकत नाहीत, तेच काम त्यांना करू द्यायचं मी ठरवलं. ते गॅलरीत बसले होते. मी पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"कोनवाल्याची. काढूनच दिली त्याने."

त्यांनी दोन्ही हातांनी ती उचलली. कडेवरून अंगठा फिरवला, भोकांत बोटं घातली, रबर दाबलं, बोल्ट चाचपला. असं काम करताना त्यांचा चेहरा तरुण होतो.

"नंतरची," ते म्हणाले. "गिअरबॉक्स कोणता आहे?"

"नंतरचाच."

"मग अगदी बरोबर आहे. भोकं कोणी घासलेली नाहीत. रबर सारखं दबलंय, एका बाजूला गेलेलं नाही. म्हणजे आधी सगळं हाताने बसवलं आणि मग आवळलं. घाई केली नाही." नटाच्या जागेवर त्यांचं नख थांबलं. "हे काय, रेघ ओढलीय? रंगाचा थर लागतोय हाताला. कोणीतरी कंपनीतला जुना माणूस दिसतोय. हात चांगला आहे हो. ज्याने बसवलीय त्याचा हात फार चांगला आहे."

असं ते दादाबद्दल कधीच बोलले नव्हते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं. किल्लीच्या भोकापासून नेलपॉलिशपर्यंत, काहीही न गाळता. गिअर निसटला नव्हता बाबा, निसटणं शक्यच नव्हतं, गाडी ओढताना लोकांनी न्यूट्रल केला असणार. वळणावर काय झालं ते आपल्याला कधी कळणार नाही. समोर गुरं आली असतील, कोणी आडवं आलं असेल. पण तुमच्या पट्टीने काही केलं नाही. ती गाडीत नव्हतीच.

त्यांनी नखाने ती रेघ पुन्हा चाचपली. मला वाटलं होतं, ते आता मोकळे होतील. इतक्या वर्षांनी मोकळा झालेला माणूस कसा दिसतो ते मला पाहायचं होतं. मी बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"त्या दिवशी जेवण झाल्यावर तो माझ्याकडे आला होता," बाबा म्हणाले. "म्हणाला, बाबा, चला, खिंडीपर्यंत चक्कर मारून येऊ."

हे मला माहीत नव्हतं. त्यांनी हे कोणालाच कधी सांगितलं नव्हतं.

"मी म्हटलं, गाडीचं रडगाणं ऐकवायला नेतोयस. तर म्हणाला, नाही हो, तुम्ही चला तर खरं. हसत होता." त्यांनी पट्टी छातीशी धरली. "गिअर निसटत नाही, ते मला दाखवायचं होतं त्याला. मला तेव्हा काय माहीत."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, ऊन उतरू दे," बाबा म्हणाले. "थोडा वेळ दारात थांबला होता तो."